गोधडी, सुई आणि तीन आकडे

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली की मागं राहिलेल्या नवऱ्यानं काय करावं, याबद्दल आमच्या दौंडच्या पार्सल ऑफिसात दोन मतं होती. जयसिंगराव म्हणाले, "ओव्हाळ, झोपून घ्या. पुढं झोप मिळायची नाही." दुसरं मत माझं एकट्याचं होतं. मी चुंबकीय सेन्सर मागवला.

मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे. (दीक्षा, म्हणजे माझी बायको, त्याला खूळ म्हणते. नाद ज्याचा त्याला असतो, खूळ घरादाराला भोगावं लागतं, असं तिचं म्हणणं.) रेल्वे क्वार्टरमध्ये मी पाण्याच्या टाकीचा अलार्म बसवला होता. तो टाकी भरली की वाजायचा, रिकामी झाली की वाजायचा आणि अधूनमधून स्वतःच्या मर्जीनंही वाजायचा. दाराची बेल केली होती, ती शेजाऱ्यांनी मिक्सर लावला की वाजायची आणि मी दार उघडायला धावायचो. एकूण माझ्या हातची वस्तू वाजते भरपूर, पण वेळेवर नाही.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. सेन्सर पुण्याच्या बुधवार पेठेतल्या दुकानदारानं बाहेरून मागवून दिला. "काय बनवायचंय?" त्यानं विचारलं. "बघायचंय," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

सेन्सर असतो चिंचोक्याएवढा. पण त्याला तीन दिशा कळतात. पुढं-मागं, डावं-उजवं आणि वर-खाली. त्या तिघांना एक्स, वाय आणि झेड म्हणायचं. छोट्या पडद्यावर तीन आकडे येतात, आणि आपण जिथं उभे आहोत तिथं पृथ्वीचं चुंबकत्व कुठल्या बाजूला किती ओढतंय ते कळतं. मी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडला आणि जेवण विसरलो. खरंच विसरलो. लोखंडी कपाटाजवळ नेला की आकडे कपाटाकडे झुकायचे. खिडकीखालून कुणी स्कूटर नेली की तिन्ही आकडे हलायचे आणि स्कूटर गेली की पुन्हा जागेवर यायचे. आणि सगळ्यात नवल म्हणजे, आपल्याकडे उत्तर दिशा सरळ समोर नसतेच. ती थोडी खाली, जमिनीत शिरलेली असते. होकायंत्राच्या काट्याला बिचाऱ्याला आडवंच फिरता येतं, म्हणून तो कधी बोलला नाही. इतकी वर्षं आपण उत्तरेकडे बोट दाखवतोय, ते जरा वरतीच दाखवतोय, हे कळल्यावर मला राहवेना. मी निमोण्याला, सासुरवाडीला फोन लावला.

"दीक्षा, उत्तर जमिनीत जाते," मी म्हणालो.

"तुम्ही जेवलात का?" ती म्हणाली.

"जेवतो. पण ऐक ना..."

"तुम्हीच ऐका. इथं वेगळाच घोळ झालाय. आईनं गोधडीत सुई शिवून टाकलीय."

प्रकरण असं होतं. माझ्या सासूबाई, चांगुणामामी, म्हणजे त्या भागातल्या गोधडीतल्या अधिकारी व्यक्ती. कुणाकडे पाळणा हलणार असं कळलं की जुनी लुगडी मामींच्या दारात येऊन पडायची. आता तर स्वतःच्या नातीची गोधडी होती. तिच्यासाठी मामींनी आपल्या आईचं, सासूचं आणि स्वतःचं असं लुगड्यांचे थर लावले होते आणि दिवस गेल्याचं कळल्यापासून टाके घालत होत्या. मागच्या रविवारी मी बाळाला बघायला गेलो होतो, त्याच दिवशी गोधडी पुरी झाली. दोन दिवसांनी सुई शोधली, तर कुठं दिसेना.

"आई म्हणते, मी सुई कॅलेंडरला खोचली. कॅलेंडरला नाही," दीक्षा म्हणाली. "हातानं चाचपली सगळी गोधडी, लागत नाही. पण मी बाळाला गोधडीवर टाकणार नाही. आईला दिसत नाही हो आता नीट. मी तिला सांगितलंय, बास झालं, ही शेवटची. आता सुई हातात धरायची नाही."

"मग मामी काय म्हणाल्या?"

"काही नाही. कालपासून बोलतच नाहीये."

आता इथं शहाणा माणूस 'बघू, होईल काहीतरी' म्हणाला असता. पण माझ्यासमोर टेबलावर तो चिंचोका होता, आणि सुई पोलादाची असते.

"मी शोधून देतो," मी म्हणालो.

रविवारी नामकरण होतं. मी शनिवारी सकाळीच चौफुल्यावरून न्हावऱ्याला गेलो, तिथून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपनं निमोण्याला पोचलो. मांडीवर बाळाची झबली आणि सेन्सरचा डबा. (झबली जीपमध्ये राहिली. डबा शाबूत पोचला. दीक्षानं यावर जे काय बोलायचं ते बोलून घेतलं.)

माझे सासरे कोंडिबामामा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "पाव्हणं, रेडू हाय का?"

"नाही मामा. ह्याला चुंबक कळतं."

"आन् गाणी?"

"गाणी नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून ते पुन्हा सुपारीकडे वळले.

मामी मात्र हळूच येऊन माझ्याजवळ बसल्या. गोधडी त्यांच्या मांडीवर घडी घालून ठेवलेली होती. हिरवा, जांभळा, विटकरी असे तुकडे आणि त्यांवरून टाक्यांच्या ओळी, सगळ्या एकसारख्या, कुठं वाकडी ओळ नाही. दिसत नसलेल्या बाईचं ते काम नव्हतं, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण माझं लक्ष बॅटरीकडे होतं.

"ह्याला कळतं कसं वो?" मामींनी विचारलं.

मी सांगितलं. पृथ्वी हे मोठं चुंबक आहे, ते सगळीकडून आपल्याला वेढून आहे, घरात पण आहे, गोधडीत पण आहे. पोलाद आलं की तेवढ्यापुरती त्याची ओढ बदलते. ती बदललेली ओढ हा आकड्यांत सांगतो.

मामींनी गोधडीवरून हात फिरवला. "म्हंजी सुईला बी उत्तर ठावं असती?"

"थोडी थोडी," मी म्हणालो. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण माझ्या नादाबद्दल इतका चांगला प्रश्न मला घरातून पहिल्यांदाच आला. मला एकदम भरून आलं. मी त्यांना उत्तर जमिनीत कशी जाते तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आन् दुसऱ्या टोकाला वर निघत असंल." ते बरोबरच होतं.

मग त्यांनी इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "पाव्हणं, सुई गोधडीतच घावली, तर दीक्षाचंच खरं हुईल का?"

"अहो, आधी बघू तर," मी म्हणालो.

"बघा. पर मी खोचली व्हती कॅलेंडरला. मला पक्कं ठावं हाय." आणि त्यांनी गोधडी माझ्या हातात दिली.

घरात काही जमेना. वर पत्रे, खाली लोखंडी कॉट, कोपऱ्यात ट्रंका, आकड्यांचा नुसता तमाशा. अंगणात आलो तर हापसा. हापशापासून लांब गेलो तर शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर. शेवटी मी जाहीर केलं की काम मागच्या वावरात, मधोमध होईल आणि येणाऱ्यानं अंगावर लोखंड आणायचं नाही.

तोवर शेजारच्या शेवंताबाई आल्या होत्या. त्यांच्या बांगड्यांत सेफ्टी पिनांचा घोस होता. "पिना काढल्या तर पदर काय तुम्ही धरनार हाय का?" त्या म्हणाल्या. तरी काढल्या. मी कमरेचा पट्टा काढला आणि एका हातानं पँट धरून चालू लागलो. बाळाच्या लंगोटाची पिनसुद्धा काढायला लावली. त्याचा परिणाम दीक्षाच्या कडेवर लगेच दिसला आणि ती स्कार्फ कानावर आवळून, माझ्याकडे न बघता, बांधावरच उभी राहिली.

पहिल्यांदा मी सेन्सर हातात धरून गोधडीवरून फिरवला. हात जरा कलला की आकडे उड्या मारत. सुई कुठली आणि माझा हात कुठला, काही कळेना. मग डोक्यात आलं की सेन्सरनं हलायचंच नाही, गोधडीनं हलायचं. एक पाट उलटा ठेवून खाली सेन्सर चिकटवला. पाटाला खिळे निघाले. मग बाळाचा अंघोळीचा प्लॅस्टिकचा टब आणला, तो पालथा घालून आत सेन्सर चिकटवला, वायर बाहेर काढून पडदा माझ्या मांडीवर घेतला, आणि टबावरून मामी आणि शेवंताबाई गोधडी हळूहळू ओढू लागल्या.

आकडे स्थिर. गोधडी सरकते आहे, आकडे स्थिर. आणि एकदम एक्स वाढला.

"थांबा," मी म्हणालो.

सगळे थांबले. आकडा आपला आपण खाली आला. पुन्हा ओढली. पुन्हा वाढला, पण या वेळी गोधडी मागं नेली तरी वाढलेलाच. मी मान वर केली तर कोंडिबामामा वाकून टबाखाली बघत होते.

"मामा, अंगावर लोखंड आहे का काही?"

"न्हाई."

"जरा मागं सरा."

ते मागं सरले. आकडा उतरला.

"आता पुढं या."

ते पुढं आले. आकडा चढला. मी त्यांना तीनचार वेळा पुढं-मागं केलं. खरं सांगायचं तर दोनदा पुरलं असतं, पण सासरे आकड्याबरोबर हलतात हे बघायला मजा येत होती.

"बंडीच्या खिशात काय आहे?"

"चंची."

"चंचीत?"

मामांनी चंची उघडली. अडकित्ता निघाला. "त्यो व्हय. त्यो काय लोखंड हाय का? त्यो अडकित्ता हाय," मामा म्हणाले. शेवंताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. (पदर तेवढ्यात सुटला, कारण पिना घरी होत्या.) मामांनी अडकित्ता बांधावर नेऊन ठेवला आणि आता ते माझ्या यंत्राकडे जरा अदबीनं बघू लागले. मी मनातून सुखावलो. माझी वस्तू पहिल्यांदाच वेळेवर बोलली होती.

बोलली म्हणजे नुसती आकड्यांत. भोंगा मी लावलाच नव्हता, कारण भोंग्याच्या पोटात स्वतःचंच चुंबक असतं आणि सेन्सर त्याच्याच प्रेमात पडतो. त्यामुळे पडदा फक्त मला दिसत होता. पुढं जे झालं ते केवळ या एका कारणामुळे झालं.

गोधडीचा तिसरा कोपरा टबावर आला, आणि झेड चढला. अगदी सरळ, दमदार चढला. मी दोन्ही बायांना थांबवलं, गोधडी पुढं-मागं केली. आकडा एकाच जागी चढत होता, बोटभर सरकलं की उतरत होता. मी त्या जागी अंगठा दाबला. काही नाही. कापड दुमडून जोरात दाबला, आणि सुई माझ्या अंगठ्यात घुसली.

मी ओरडलो नाही, याचा मला आजही अभिमान आहे. ओरडायचं होतं ते आनंदानं ओरडायचं होतं. तीन लुगड्यांच्या आत लपलेली सुई माझ्या चिंचोक्यानं शोधली होती. मी ती नखांनी ओढून बाहेर काढली, मुठीत धरली आणि जाहीर करायला मान वर केली. समोर मामी होत्या.

त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. गोधडीचे दोन कोपरे हातात घट्ट धरलेले, आणि चेहरा असा, की निकाल आला असेल तर हळू सांगा. ही सुई दाखवली की त्यांचं शिवणं आजपासून बंद. उद्या पाव्हण्यारावळ्यांत बोभाटा होणार की चांगुणाबाईला दिसत नाही, गोधडीत सुई शिवली. मला भयंकर वाईट वाटलं. अर्ध्या तासापूर्वी या बाईनं मला उत्तरेचं दुसरं टोक कुठं निघतं ते सांगितलं होतं.

"गोधडीत काही नाही," मी म्हणालो.

"नीट बघा," बांधावरून दीक्षा.

"बघितलं. साफ आहे."

मामींनी श्वास सोडला. मला वाटलं, संपलं. पण मी दीक्षाला ओळखतो असं मी नुसतं समजत होतो.

"मग सुई गेली कुठं?" ती म्हणाली. "सुई हातात दाखवा, मग बाळाला गोधडीवर टाकीन. तुमचं यंत्र म्हणजे तुमची बेलच. मी नाही विश्वास ठेवणार."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि मी, बाप झालेला सरकारी नोकर, मानेमागं हात नेला आणि कॉलरखालून काढल्यासारखी करून सुई पुढं धरली.

"ही बघ. माझ्याकडेच होती."

"मागच्या रविवारी बटण तुटलं होतं शर्टाचं," मी रेटत गेलो. "कॅलेंडरची सुई घेतली, बटण लावलं, आणि कॉलरमागं खोचून विसरलो. मामींनी खोचली होती ते खरंय."

"मागच्या रविवारी," दीक्षा सावकाश म्हणाली. "आणि आज शनिवार."

"हो."

"आठवडाभर शर्ट धुतला नाही?"

माझ्या खोटं बोलण्यात हे बसवलेलं नव्हतं. "नाही," मी म्हणालो. शेवंताबाई दोन पावलं मागं सरकल्या.

मामा बांधावरून अडकित्ता घेऊन परत आले होते. त्यांना एक वेगळीच शंका होती. "पाव्हणं, माझ्या चंचीतला अडकित्ता घावला तुमच्या यंत्राला. आन् तुमच्या गळ्यामागची सुई न्हाई घावली?"

याला खरं उत्तर देता आलं असतं तर मी दिलं असतं. तिथं, त्या वावरात, टबाखाली माझा सेन्सर बसला होता, ज्यानं आयुष्यात एकही चूक केली नव्हती. "यंत्र जरा कच्चंच आहे मामा," मी म्हणालो. जुन्या बेलबद्दल बोलताना मला कधी एवढं लागलं नव्हतं.

"मी दोन दिवस आईला नाही नाही ते बोलले," दीक्षा म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. ती वावरात उतरून मामींच्या गळ्यात पडली, बाळासकट. मग माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज पुन्हा मोकळा झाला. तो संध्याकाळपर्यंत मोकळाच राहिला.

रविवारी नामकरण छान झालं. त्रिसरण-पंचशील झालं, मुलीचं नाव सुमेधा ठेवलं, ती आपल्या आज्या-पणज्यांच्या लुगड्यांवर झोपली. येणारी प्रत्येक बाई गोधडीवरून हात फिरवायची आणि मामींना म्हणायची, डोळं अजून लखलखीत हायती तुझं. आणि मग माझ्याकडे, शर्टाकडे बघायची.

पाव्हणे गेल्यावर मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. पुढ्यात शेवयांची खीर ठेवली. मी पहिला घास घेतला तसं त्यांनी वावरातली ती सुई माझ्यापुढं धरून विचारलं, "ही सुई कुठनं काढली?"

"कॉलरमधून."

"पाव्हणं," मामी म्हणाल्या, "ही माझी न्हवं. गोधडीची सुई जाड असती, नाक मोठं असतं तिचं. ही बारीक हाय. दीक्षा गोधडीवर बसून कुंची शिवत व्हती, तवाची तिची हाय ही. पाकिटातली दुसरी घेतली आसंल तिनं, ध्यानात न्हाई तिच्या."

मी चमचा वाटीत ठेवला. "आणि तुमची?"

मामी उठल्या. कॅलेंडर एका बोटानं भिंतीपासून उचललं. पाठीमागं उलटून टाकलेल्या, मागच्या महिन्याच्या पानात एक जाडजूड सुई निवांत खोचलेली होती. "ह्यांनी एक तारखेला पान उलटलं. कालच घावली मला, तुम्ही वावरातनं आल्याव."

म्हणजे मी मूठ उघडली असती, सुई सरळ मामींच्या हातात दिली असती, तर त्यांनी जागच्या जागी ओळखलं असतं. त्या सुटल्या असत्या, सेन्सरचं नाव झालं असतं, आणि शर्ट स्वच्छ राहिला असता. एवढं मोठं मन करून मी गुन्हेगार वाचवला होता, आणि ती माझी बायको होती.

"मी आत्ता सांगतो दीक्षाला," मी उठलो.

"बसा," मामी म्हणाल्या. "काय सांगनार? काल म्हनला माझ्या कॉलरला व्हती, आज म्हननार तुझी व्हती. ती काय म्हनंल?"

ती काय म्हणेल ते मला स्पष्ट ऐकू आलं. मी बसलो. मामींनी खिरीत आणखी एक पळी वाढली आणि म्हणाल्या, "यंत्र चांगलं हाय तुमचं. त्याला खोटं बोलता येत न्हाई, येवढंच." त्या हसत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खीर संपवली. दुसरं काय करणार.

तेव्हापासून दोन्ही घरांत काहीही हरवलं की पहिली झडती माझी असते. दीक्षाच्या किल्ल्या, मामांचा चष्मा, शेवंताबाईंच्या पिनांचा घोस, सगळ्यांसाठी मी मान खाली घालून कॉलर दाखवली आहे. सवय झालीय. पण परवा ऑफिसात मामांचा फोन आला. आवाज जरा अवघडलेला होता.

"पाव्हणं, राग मानू नका. सकाळधरनं म्हस घावंना झालीया."

"अरेरे. सगळीकडं बघितलं का?"

"समदं गाव पालथं घातलं." मामांनी आवाज खाली आणला. "न्हाई, म्हटलं, रविवारी तुम्ही येऊन गेला व्हता."